वेशीमाईच्या विचारपुशीची कहाणी

ऐका वेशीमाई, तुमची कहाणी. बायांनो, हातात तांदूळ घ्या, पोरांना गप्प बसवा. आणि मधेच उठायचं नाही हो, का ते पुढे कळेल.

आटपाट असं एक नगर होतं. नगराची वेस मोठी, माणसं मात्र घुमी. नव्या माणसाला कुणी हाक मारायचं नाही. तिथं अंबू कोष्टीण पोटासाठी आली. नवरा देवाघरी गेलेला, पदरी एक लेक, तिचं नाव ठकू. घरात माग होता, पण ओळखीचं कुणी नाही, मग लुगडं घेणार कोण? मायलेकी पेजेवर दिवस काढीत.

एके दिवशी अंबू वेशीपाशी रडत बसली. पाणी भरणाऱ्या बायका आल्या, तशाच गेल्या. गुराखी आले, तसेच गेले. मग एक म्हातारी आली, ती थांबली. "का गं लेकी, काय झालं?" अंबू सांगू लागली. सांगता सांगता उन्हं उतरली, पण म्हातारी जागची हलली नाही.

अंबू म्हणाली, "आजी, नुसतं बोलले तर ऊर हलका झाला बघा."

म्हातारी म्हणाली, "मग हाच वसा घे. रोज जेवायच्या आधी वाटेवरच्या एका अनोळखी माणसाला हाक मारावी. तांब्याभर पाणी द्यावं, गुळाचा खडा द्यावा. 'कुठले तुम्ही? बरे आहात ना?' असं पुसावं. आणि त्याचं बोलणं संपेतो तिथून हलू नये. यानं परकं आपलं होतं, दुरावलेलं जवळ येतं. पण तुला बरे दिवस आले की विसरशील हो!"

"नाही विसरायची," अंबू म्हणाली. वर बघते तो म्हातारी कुठली? गेली.

अंबूनं वसा घेतला. पहिल्या दिवशी जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी उचलली. मग काय, अंबू ती अंबू! वाटसरू बोलत, ती ऐके. कुणी विचारी, "बाई, तुम्ही काय करता?" ती लुगडं दाखवी. हा त्याला सांगे, तो आणखी कुणाला सांगे. माग रात्रंदिवस खडखडू लागला. घरावर माडी चढली. नदीपलीकडच्या गावी ठकूला चांगलं स्थळ मिळालं. सासरी नवऱ्याखेरीज दुसरं माणूस नाही, सासुरवास नाही.

आणि मग अंबूला वेळ पुरेना. वसा टाकला नाहीन् तिनं, पण केलंन् काय? पाणी द्यायची, गूळ द्यायची, "कुठले, बरे आहात ना?" म्हणायची, आणि उत्तर यायच्या आधीच घरात पळायची. विचारलं म्हणजे झालं, नाही का? आपण नाही असं कधी करीत!

पुढे ठकूला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरचं. निरोप आला की गाडी जुंपून न्यायला जायचं, असं ठरलेलं. अंबू निरोपाची वाट बघू लागली.

एक दिवस दारावरून बुरूड गेला. अंबूनं पुसलं, "कुठले तुम्ही?" तो म्हणाला, "नदीपलीकडचा. बाई, तुमच्या..." अंबू आत गेलेली. दुसऱ्या दिवशी कासार आला. "बाई, तिकडून..." अंबू आत. तिसऱ्या दिवशी धनगर आला. त्यानं नुसतं तोंड उघडलं, अंबू आत. आत जाऊन मागावर बसून कुरकुरते कशी? "कार्टी मेली एक निरोप धाडील तर शपथ!"

मग एके सकाळी जावई धावत आला. "सासूबाई, ठकू पोचली ना? मी गावोगाव फेरीला गेलो होतो. शेजारीण म्हणते, तिनं तीन निरोप धाडले, कुणी आलं नाही, म्हणून एकटीच चालत निघाली!"

अंबूच्या पायांखालची जमीन सरकली. जावई एका वाटेनं गेला, अंबू दुसऱ्या.

वाटेत गुराखी भेटला. "दादा, गरोदर पोर बघितलीस?" "बघितली की, नदीकडे गेली होती, पण..." अंबू नदीकडे पळाली. तिथं कुणी नाही. नांगऱ्या भेटला. "बघितली, देवळाकडे वळली, तिथनं..." अंबू देवळाकडे पळाली. तिथंही कुणी नाही. तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "वेशीमाई, मी विचारते, पण ऐकते कुठं?"

पुढे एक म्हातारी गोवऱ्या थापीत होती. अंबूनं पुसलं आणि खाली बसली. म्हातारीनं सुरू केलं. परवा शेळी व्याली. मग गुडघा धरला. मग सून माहेरी गेली, जाताना भांडून गेली. अंबूचा जीव टांगणीला लागलेला, पण ती उठली नाही. सुनेचं झालं, मग गुडघ्याला चोळायला तेल घेतलं, ते सुईणीनं नेलं. "सुईण कशाला म्हणून विचार की! अगं, वाटेवर एक परकी पोर कळा देत बसलेली. तिला घरात घेतली. मुलगी झाली बघ. आत निजलीय."

ही वेशीमाई होती का? मला विचाराल तर म्हातारीच होती, आणि शेळीही खरंच व्याली होती.

अंबू आत गेली. ठकूनं तोंड फिरवलं. "आई, माझे निरोप पोचले ना?"

"दारापर्यंत पोचले," अंबू म्हणाली. "मी ऐकले नाहीत. आता सांग, ठकू. सगळं सांग."

ठकू बोलू लागली. किती वाट बघितली ते सांगितलं, वाटेत कशी भ्याली ते सांगितलं, आईला नको नको ते बोलली. अंबू रडली, पण मधे एक शब्द बोलली नाही, जागची हलली नाही. सांगून सांगून ठकू दमली. मग तिनं कुशीतलं बाळ उचललं आणि आईच्या ओटीत ठेवलं.

जशी अंबूला तिची लेक मिळाली, तशी ज्याची त्याला आपली माणसं मिळोत. वेशीमाई तुम्हां आम्हां सगळ्यांना पावो. लांबलचक उत्तरांची ही कहाणी, थोडक्या उत्तरांत सांगितली, तुम्ही शेवटपर्यंत बसून ऐकलीत, म्हणून सुफळ झाली, संपूर्ण झाली.