शेवटची पळी

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक वैदीण राहायची. हाताला गुण होता, पण स्वभाव घाईचा.

पोरांना ताप आला की ती कडू मुळीची पूड पाण्यात कालवायची आणि चावडीपुढे घागर मांडायची. रांग मानाप्रमाणे लागे. पुढे पाटलांचा नातू, सर्वांत मागे कुंभाराची लेक.

एका वर्षी ताप हटेना. पाटलांचा नातू तसाच फणफणलेला, आणि कुंभाराची लेक औषध पिऊन ओकून ओकून निपचित पडली. गाव म्हणू लागलं, बाईच्या औषधात राम राहिला नाही.

वैदिणीने रिकामी घागर उलटी करून पाहिली. तळाला पुडीचा गाळ चिकटला होता. घाईत वाटताना तिने घागर ढवळलीच नव्हती. पुढच्यांना नुसतं पाणी मिळालं होतं, आणि सगळा कडकपणा शेवटच्या पोरीच्या पोटात गेला होता.

"हे निस्तरल्याशिवाय मी जमिनीला पाठ टेकणार नाही," असं म्हणून ती पदर खोचून कामाला लागली.

तिने पूड खलात घोटली, वस्त्रगाळ केली. पाण्यात टाकली, तर गुठळ्या होऊन वर तरंगली. मग आधी मधात कालवली आणि वरून डिंकाचं पाणी घातलं. डिंक जास्त झाला, औषध पळीतून सुटेना. ते ओतून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अखेर डिंक बेताचा पडला. आता पूड लवकर खाली बसत नव्हती, आणि बसलीच तर रवी फिरवताच वर येत होती.

कुंभाराची लेक जराशी सावरल्यावर चावडीपुढे पुन्हा घागर मांडली गेली.

"पाटील, आज तुमचा नातू शेवटी," वैदीण म्हणाली.

"तळाचं कडक औषध माझ्या नातवाला? भलतंच काय बोलता, बाई?"

"कुंभाराच्या लेकीला ते पाजलं, तेव्हा कुणी हे विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

पाटलांची सून पोराला कडेवर घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. कुंभारीण लेकीला घेऊन पुढे आली.

वैदीण घागर ढवळी, पळी भरी, पुन्हा ढवळी. "आटपा की, ऊन चढलं," लोक कुरकुरले. तिने लक्ष दिलं नाही. पाटलांच्या नातवाची पाळी आली तेव्हा तिचा खांदा भरून आला होता, तरी तिने रवी फिरवलीच.

काही दिवसांत पहिल्या पोरीचाही ताप उतरला आणि शेवटच्या पोराचाही. तेव्हापासून त्या गावात औषधाला मानाची रांग लागली नाही.

तात्पर्य काय, तर घागर भरली म्हणजे वाटणी झाली असं नाही. पहिल्याइतकंच शेवटच्याला मिळावं असं वाटत असेल, तर दर पळीआधी हात झिजवावा लागतो.