दहांतले सात

"…आणि आकडा जर बरोबर होता, तर माझं चुकलं कुठं, बाई?"

हे विचारणारा दिवाकर काळमेघ. परदेशात राहून लोकांचा कौल मोजणं हा त्याचा धंदा. कोणत्या पुढाऱ्यावर किती लोकांचा जीव आहे, हे तो मतदानाच्या आधी सांगायचा, आणि त्याचं सांगणं सहसा चुकायचं नाही.

ज्यांना विचारलं, त्या केसरबाई. पूर्णेकाठच्या एका गावाबाहेर महानुभावांचा लहानसा आश्रम आहे, तिथल्या वृद्ध तपस्विनी. दिवाकरच्या आईनं त्यांच्याकडूनच उपदेश घेतला होता. लहानपणी सुट्टीत तोही इथं यायचा, बाईंपुढं मांडी घालून सूत्रं पाठ करायचा. त्याला बरीच वर्षं झाली होती.

बाई ओसरीवर बसून फाटक्या वस्त्राला टाके घालत होत्या.

"कुठला आकडा?" त्यांनी विचारलं.

"सादोरींचा."

"ते कोण?"

दिवाकर त्यांच्याकडे बघत राहिला.

"जगभर नाव आहे त्यांचं."

"असेल. मला सांग."

दिवाकरनं सांगितलं.

एमिल सादोरी हे समुद्रापलीकडच्या एका छोट्या देशातले शाळामास्तर. त्या देशावर बऱ्याच वर्षांपासून एका सेनापतीची हुकमत होती. सादोरी त्याच्याविरुद्ध बोलले, म्हणून त्यांना देश सोडावा लागला. परदेशात त्यांचं बोलणं ऐकायला सभागृहं भरू लागली. जगानं फारच नावं ठेवली, तेव्हा सेनापतीनं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जाहीर केली. अट एकच. उमेदवारानं स्वतः देशात येऊन अर्ज भरायचा.

जावं की जाऊ नये? सादोरींच्या माणसांनी दिवाकरला बोलावलं. आमच्या उमेदवारावर लोकांचं किती प्रेम आहे ते मोजा म्हणाले, देशात मोजा आणि बाहेरही मोजा.

"बाहेरचं सोपं होतं," दिवाकर म्हणाला. "बाहेर त्यांना ओवाळायचंच बाकी होतं. देशातलं कठीण. तिथं माणूस घाबरून खोटं बोलतो. म्हणून आम्ही थेट विचारलंच नाही. तुमच्या शेजाऱ्याला कोण आवडतो, असं विचारलं. मुलांना मास्तर कसा हवा, असं विचारलं. आडून आडून गेलो. खोटं गाळत गेलो. असं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, बाई. शेवटी आकडा आला. दहांत सात."

"दहांत सात काय?"

"दहांतल्या सात माणसांचा त्यांच्यावर जीव होता."

बाईंची सुई थांबली.

"त्यांनी तुला काही विचारलं?"

"सादोरींनी? हो. एकच विचारलं. लोक येतील का?"

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, मी इतकी वर्षं मोजतोय, एवढं प्रेम मी कुठल्याच उमेदवाराच्या वाट्याला आलेलं पाहिलं नाही."

"मग ते गेले."

"गेले."

उन्हानं तापून आश्रमाचे पत्रे कडकडत होते. बाई वाट बघत राहिल्या.

"विमानाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी हात वर केला," दिवाकर म्हणाला. "सवय होती त्यांना. समोर मैदान रिकामं होतं."

"शिपाई?"

"होते. थोडे होते. तेच तर… फार थोडे होते, बाई. शहर विमानतळाला लागून आहे. लोक नुसते चालत आले असते, तरी शिपायांना गाडीपर्यंत वाट काढता आली नसती. लोक घराघरांत पडद्याआडून बघत होते. मी नंतर तेही मोजलं. जवळजवळ सगळे बघत होते."

"पुढं?"

"गाडीत घालून नेलं. महिन्याभरानं जाहीर झालं… हृदय बंद पडलं म्हणून."

बाईंनी सुई वस्त्रात टोचून ठेवली.

दिवाकर पुढं सरकला. त्याचा आवाज थोडा चढला.

"मी थांबलो नाही. मी पुन्हा मोजलं."

"मेलेल्या माणसाचं?"

"हो. दहांत नऊ. देशात नऊ, आणि बाहेरचं तर विचारूच नका. त्यांच्या नावानं चौक झाले, शिष्यवृत्त्या निघाल्या. म्हणजे माझं मोजमाप खरंच होतं. लोकांचं प्रेम होतंच. माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, ते माझी चूक काढू शकत नाहीत."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"सादोरींची मुलगी मला फोन करते," तो खाली बघत म्हणाला. "अधूनमधून करते. भांडत नाही, शिव्या देत नाही. एकच विचारते."

"काय?"

"ते सात कुठं होते?"

बाईंनी वस्त्राची घडी केली आणि खुंटीवरची झोळी घेतली.

"चल. भिक्षेची वेळ झाली."

*

गावात शिरल्यापासून दिवाकर बघत होता. बाईंची चाहूल लागली, की दारं आपोआप उघडत. "दंडवत, बाई." भाकरीचा तुकडा, चमचाभर भाजी, वरण, जे घरात असेल ते लोक झोळीत घालत आणि पाया पडत. एका सुनेनं तान्हं मूल आणून त्यांच्या पावलांशी ठेवलं. मोटारसायकलवरून चाललेला एक तरुण थांबला, चपला काढून तापल्या मातीत उभा राहिला, बाई पुढं जाईपर्यंत तसाच.

"तुमचं मोजायला गेलं, तर या गावात दहांत दहा निघतील," दिवाकर म्हणाला.

"मोज की."

"मोजायची गरजच नाही."

"तरी मोज," बाई म्हणाल्या. "तुझा धंदा आहे."

चावडीजवळ कडुनिंबाखाली पाणपोई होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वर कापसाच्या पऱ्हाट्यांची सावली. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कै. गिरजाबाई यांच्या स्मरणार्थ. समस्त गावकरी.' एक म्हातारा पाणी वाढत होता. त्यानं बाईंना दंडवत घातला आणि दिवाकरच्या ओंजळीत धार धरली.

"गोड आहे," दिवाकर म्हणाला. या भागात जमिनीखालचं पाणी खारं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"गावात गोड्या पाण्याची हीर एकच," म्हातारा म्हणाला. "तिचंच हाय."

"बाई, तुम्ही?"

"तू पी," बाई म्हणाल्या. त्या पाणी प्यायल्या नाहीत.

दिवाकरनं तोंड पुसलं, पाटीकडे पाहिलं.

"गिरजाबाई कोण?"

"पुंजाजी, सांग याला," बाई म्हाताऱ्याला म्हणाल्या.

पुंजाजीनं तांब्या खाली ठेवला.

"लय चांगली बाई होती, साहेब. एकटीच राहे. कोनाची बाळंतीन अडली त गिरजा, कोनाचं मढं धुवायचं त गिरजा. साऱ्या गावाची होती." त्यानं ओले हात पुसले. "एका वर्षी मेंढक्यायचं बिऱ्हाड उतरलं होतं शिवारात. त्यायचं पोरगं ट्रॅक्टरखाली गेलं. ट्रॅक्टर गावातल्याच पोराचा. पिऊन होता."

"मग?"

"साऱ्यायनं पाह्यलं होतं. पोलिस आले त कोनी काही बोललं नाही. गिरजा बोलली."

"आणि?"

पुंजाजी रांजणावरचं फडकं सारखं करत राहिला.

"मंग… तिचं पानी बंद केलं. हिरीवर येऊ द्याचं नाही, कोनी भरून द्याचं नाही."

दिवाकरच्या तोंडून सवयीनंच प्रश्न निघाला.

"तुम्हाला ती आवडायची?"

"आवडाची म्हंजे? माह्या दोन्ही पोरी तिच्याच हातावर झाल्या."

"ती खोटं बोलली होती?"

"नाही जी. खरंच बोलली."

"मग पाणी कुणी बंद केलं?"

"पंचायनं."

"पंच कोण होते?"

पुंजाजीनं तांब्या उचलला, परत ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आमीच," तो म्हणाला.

बाई कडुनिंबाच्या पारावर बसल्या. झोळी त्यांनी मांडीवर घेतली.

"मी त्या वेळी दारोदार गेले," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "म्हटलं, मला आज अन्न नको. गिरजासाठी घागरभर पाणी घाला. कुणी नाही म्हणालं नाही, दिवाकर. कुणी रागावलंही नाही. बायका रडायच्या. पुरुष माझे पाय धरायचे…"

"आणि पाणी?"

"पाय धरून ठेवले, की माणसाला पुढं जाता येत नाही."

पुंजाजी मान खाली घालून ऐकत होता.

"मग आश्रमाच्या वाट्याची घागर मी तिला नेऊन द्यायला लागले. रोज. मला कुणी अडवलं नाही. जीव होता ना माझ्यावर."

"म्हणजे तिला पाणी मिळत होतं."

"मिळत होतं. वैशाखात मला ताप भरला. शुद्ध गेली. तेव्हा सगळं गाव माझ्या उशाशी होतं. कुणी डॉक्टरला घेऊन आलं. कुणी दूध आणलं. बायका आळीपाळीनं बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत होत्या." बाईंनी रांजणाकडे पाहिलं. "गोड्या पाण्याच्या."

पुढचं काय असणार, ते दिवाकरला कळलं होतं.

"शुद्धीवर आले, तेव्हा मी विचारलं, घागर कुणी नेली?"

"मग?"

"सगळे एकमेकांकडे बघत होते."

"ती कशानं गेली?"

"नाल्यातल्या डबक्याचं पाणी प्याली. ओकाऱ्या, जुलाब. शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू येत होतं म्हणे, रात्रभर."

"तुम्हाला कधी सांगितलं?"

"लगेच नाही सांगितलं. मला त्रास होईल म्हणून. त्या दिवशी मी उठून बसले, एवढ्या आनंदानं गावानं पेढे वाटले."

निंबावरून वाळकी पानं गळत होती. दोन शाळकरी मुली आल्या, पुंजाजीनं त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं, त्या बाईंच्या पाया पडून गेल्या.

"ही पाणपोई…" दिवाकर म्हणाला.

"तिच्या तेराव्याला ठरली. एकमतानं."

*

परतीच्या वाटेवर झोळी जड झाली होती. दिवाकर ती मागत होता, बाई देत नव्हत्या.

गावकुसाशी त्याच्या खिशातला मोबाइल वाजू लागला. त्यानं काढून पाहिला. नाव वाचलं. बाई थांबल्या. तो तसाच मोबाइलकडे बघत उभा राहिला, वाजणं बंद होईपर्यंत.

"मुलगी?"

त्यानं मान डोलावली.

"आता तिला काय सांगू?" तो म्हणाला. सकाळचा ताठा त्याच्या आवाजातून गेला होता. "बाई, एवढंच म्हणा, की ते प्रेम खोटं होतं. लोक खोटं बोलले आणि मी फसलो. तेवढं सांगता आलं, तरी पुरे. निदान तिला कुणाचा तरी राग करता येईल. मला माझा तरी करता येईल."

"खोटं नव्हतं."

"तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही तो देश पाहिला नाही."

"पुंजाजीला पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"रडत होता. नाटक होतं ते?"

"नाही."

"मग." बाई चालू लागल्या. "तू नीट मोजलंस, दिवाकर. तुझं काही चुकलं नाही."

हेच ऐकायला तो इतक्या लांबून आला होता. तो वाटेतच खाली बसला. गुडघ्यांत डोकं घालून बसला. बाईंनी त्याला उठवलं नाही. पाठीवर हातही ठेवला नाही. उन्हात त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या, नुसत्या.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली.

"तुम्ही इथं कशा राहता?" त्यानं विचारलं. "हे सगळं झाल्यावर गाव सोडलं का नाहीत? त्यांच्याच हातची भाकरी…"

मागून कुणीतरी धावत येत होतं. गावातलीच एक बाई, हातात पितळी गडू, श्वास लागलेला.

"बाई, तुमाले आवडते म्हणून ताक ठेवलं होतं. द्याचंच विसरली मी. ऊन किती हाय, घोटभर घ्या."

तिनं गडू खाली ठेवला, बाईंच्या पावलांवर डोकं ठेवलं, आणि कितीतरी वेळ उचललं नाही. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. ती डोळे पुसून, हसून निघून गेली.

बाई ती वळणाआड होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.

"कुठं जाऊ?" त्या म्हणाल्या. "सगळीकडं माणसं अशीच चांगली आहेत."