भुरकीने जपून ठेवलेलं गवत

फार वर्षांपूर्वी, सकाळी बरोब्बर सव्वासात वाजता, नदीकाठी भारद्वाज गुरुजींनी सुगरणींच्या पिल्लांची खोपा विणायची परीक्षा सुरू केली आणि भुरकी सुगरणीने आपल्या पिल्लाला, ठिपकीला, पुढे केलं. दोघी माळावरच्या, आणि परीक्षेला गवत ज्याचं त्याने घरून आणायचं. माळावर हिरवं पातं मिळायची मारामार, म्हणून भुरकीने चार दिवस आधीच नदीवरून गवत नेऊन आपल्या बाभळीत जपून ठेवलं होतं आणि आज तेच आणलं होतं.

ठिपकीने पहिली गाठ मारली आणि पातं काडकन तुटलं. दुसरं तुटलं, तिसरंही तुटलं. काठावरच्या गोदाक्काच्या पिल्लाचा खोपा मात्र झुलायला लागला.

"माळावरची पोरं मठ्ठच!" गुरुजी म्हणाले. "आणि गरिबीचं रडगाणं नको. गोदाक्का तरी कुठं श्रीमंत आहे?"

"माझंही घर फाटकंच हो गुरुजी, पण दारात ओलं गवत आहे," असं म्हणत गोदाक्काने भुरकीचं गवत चोचीत धरून पाहिलं. "अगं बाई, याचा तर पापड झालाय!"

"कमी पडू नये म्हणून जपलं गं," भुरकी रडवेली झाली.

गोदाक्काने ताजं पातं तोडून ठिपकीला दिलं. ठिपकीने गाठ मारली, ओढली, वर लटकून झोकाही घेतला. गाठ काही सुटेना! गुरुजींचे लाल डोळे खाली वळले.

"भुरके, आता घरी जाताना बाभळी-बाभळीवर सांगत जा," गोदाक्का म्हणाली. "परीक्षेआधी गवत नेऊ नका म्हणावं, पिल्लांनाच माझ्या फांदीवर मुक्कामाला पाठवा. आणि जिला कळेल तिने पुढचीला सांगावं."