इवलीसाठी चॉकलेटी दुधीपाव

टेकडीच्या पायथ्याशी, हिरव्यागार भाजीमळ्याच्या कडेला, एक छोटंसं कौलारू घर होतं. त्या घरात कुंदा आपल्या आईबरोबर आणि धाकट्या बहिणीबरोबर राहायची. बहीण इतकी नाजूक, इतकी लहानखुरी, की तिला सगळे इवलीच म्हणायचे.

आई मळ्यात दिवसभर खुरपणी करायची. जे मिळायचं त्यातलं बरंचसं इवलीच्या औषधाला जायचं, कारण इवलीला साखरेचा आजार होता. जेवायच्या आधी आई तिच्या दंडात बारीकशी सुई टोचायची. इवली डोळे गच्च मिटायची आणि कुंदाचा अंगठा धरून ठेवायची. साखर, गूळ, गोळ्या, बिस्किटं, सगळंच तिला वर्ज्य. मैदासुद्धा नको, डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोही पोटात गेला की साखरच होतो.

एकदा समोरच्या शरयूचा वाढदिवस होता. गुलाबी कागदी फुलं, निळे-पिवळे फुगे आणि मधोमध गडद तपकिरी, चमचमणारा चॉकलेटचा केक. सगळी मुलं केकभोवती जमली. इवली मात्र ओसरीवर जाऊन बसली, शेजारच्या गणुतात्यांजवळ. गणुतात्या लाकडाची सुंदर खेळणी करायचे आणि त्यांनाही तोच आजार होता. दोघांनी मिळून एक काकडी खाल्ली.

घरी परतताना इवलीने हळूच विचारलं, "ताई, केक कसा लागतो गं?"

कुंदाने आपल्या वाटणीचा केक शरयूच्या भावाला देऊन टाकला होता. बहीण बाजूला बसलेली असताना तो कुंदाच्या घशाखाली उतरलाच नसता.

"मला तरी कुठे माहीत आहे," ती म्हणाली. "आपण दोघी एकदमच खाऊन बघू."

"खरंच?"

"खरंच."

कुंदा म्हणाली खरी, पण इवलीला चालेल असा केक आणायचा कुठून?

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ती आईला मदत करायला मळ्यात गेली. वाऱ्याने दुधीचा एक वेल मांडवावरून खाली पडला होता. त्याचे कोवळे, कुरळे तणावे मातीत माखले होते. कुंदाने तो अलगद उचलला, पानांवरची माती पदराने पुसावी तशी फ्रॉकच्या घेराने पुसली, वेणीतली रिबीन सोडली आणि वेल पुन्हा मांडवाला बांधला.

दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. एक कळी थरथरली, हळूहळू उलगडली, आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांमधून चांदण्याच्या चुऱ्यासारखा प्रकाश सांडू लागला. त्या प्रकाशात बोटाएवढी एक परी उभी होती. तिचे पंख दुधीच्या पाकळीसारखे तलम, चुरगळलेले, आणि झगा कोवळ्या पानाचा.

"माझं घर सावरलंस, बाळ," परी म्हणाली. तिचा आवाज पाण्याच्या थेंबासारखा टपटपला. "तीन इच्छा माग. पण नियम ऐकून घे. तयार पदार्थ मागायचा नाही. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि जे मागशील ते मागितल्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंतच टिकेल."

कुंदाला विचार करायला वेळ लागला नाही. "परीताई, मला असं गोड काहीतरी दे, जे खाल्लं तरी इवलीच्या अंगात साखर होणार नाही."

परीने मातीवर बोट टेकवलं. लगेच तिथे एक झुडूप वर आलं, टवटवीत, बारीक पानांचं. कुंदाने एक पान जिभेवर ठेवलं आणि तिचे डोळे मोठे झाले. पान मधाहून गोड होतं.

"आता चॉकलेटचा वास आणि रंग," कुंदा म्हणाली, "पण साखर न घातलेला." तिच्या ओंजळीत कोकोची मऊ, तपकिरी, कडसर पूड आली.

"तिसरी?"

"ती राहू दे. उद्या मागते."

"शहाणी आहेस," परी म्हणाली आणि फुलात शिरली.

सकाळी कुंदा कामाला लागली. आईने मळ्यातून कोवळा दुधी आणला, कोंबड्यांनी अंडी दिली, घरात शेंगदाणे होते, थोडं सुकं खोबरं होतं. मैद्याऐवजी कुंदाने दाणे आणि खोबरं बारीक कुटलं. गोड पानं तव्यावर सुकवून त्यांची पूड केली. दुधी किसला. अंडी फेटून फेटून तिचा हात भरून आला. मग त्यात लोणी, कोको, चिमूटभर खाण्याचा सोडा, असं सगळं कालवून, पावासारखा केक होईल अशा बेताने, तिने ते एका लांबट डब्यात ओतलं. चुलीवर जाड पातेलं, पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे.

इवली पाटावर बसून नाकाने वास ओढत होती.

झाकण काढलं तेव्हा आत पाव नव्हताच. नुसता चिकट लगदा होता.

कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. परीला हाक मारावी आणि तिसऱ्या इच्छेने हे सगळं निस्तरून घ्यावं, असं तिला वाटून गेलं. पण तिने डोळे पुसले आणि लगद्यात बोट घालून पाहिलं. बोटावर पाणीच पाणी.

"आई, दुधीला पाणी सुटलंय," ती म्हणाली.

"मग फडक्यात घालून पीळ," आई म्हणाली. "अजून अर्धा दुधी आहे. दाणे मी कुटते."

उन्हं टेकडीकडे सरकू लागली होती. कुंदाने कीस फडक्यात बांधला आणि सगळा जोर लावून पिळला. हिरवट पाणी वाटीत ठिबकलं, कीस मोकळा झाला. उरलेला कोको, उरलेली पानं, उरलेली अंडी, सगळं याच पावात गेलं. आता चुकून चालणार नव्हतं. निखारे फार नाहीत ना, फार कमी नाहीत ना, म्हणून ती चुलीपुढून हललीसुद्धा नाही. केवढीशी पोर, पण तिची ती चिकाटी बघून आईही शेजारी येऊन बसली.

आणि मग वास आला. गरम, गडद, चॉकलेटचा वास. तो खिडकीतून अंगणात गेला, अंगणातून गल्लीत गेला, आणि गणुतात्या काठी टेकत दारात येऊन उभे राहिले.

"काय शिजतंय गं पोरी?"

"तुमच्यासाठीपण आहे, तात्या. आत या."

पाव मस्त फुगला होता. वरून भेगाळलेला, आतून मऊ-ओलसर, आणि कापल्यावर तपकिरी रंगात दुधीचे हिरवे-हिरवे कण पाचूसारखे चमकत होते. ठरल्याप्रमाणे कुंदा आणि इवलीने एकदमच घास घेतला.

इवलीने घास जिभेवर घोळवत घोळवत संपवला. मग म्हणाली, "ताई, केक असा लागतो होय."

तात्यांनी आपला तुकडा अगदी सावकाश संपवला. "किती वर्षांनी," एवढंच ते म्हणाले.

थोड्या वेळाने आईने इवलीच्या बोटातला रक्ताचा थेंब साखर मोजायच्या छोट्या यंत्रावर टेकवला. आकडा जिथे असायला हवा तिथेच होता. आईने तो दोनदा वाचला.

"आई, अजून एक तुकडा खाऊ?" इवलीने विचारलं. विचारताना तिने उत्तर आधीच ओळखून मान खाली घातली होती.

"घे," आई म्हणाली. आणि तिनेच एक तुकडा कापून इवलीच्या हातावर ठेवला.

दिवस मावळायला आला होता. कुंदा धावत मळ्यात गेली. परी मांडवावर बसून तिची वाटच पाहत होती.

"परीताई, इवलीचा आजार घालवशील?"

परीने मान हलवली. "तेवढं बळ माझ्या पंखांत नाही, बाळ. असतं तर तू मागायची वाट पाहिली नसती."

कुंदाने वेलाशेजारच्या झुडपाकडे पाहिलं. गोड पानांचं झुडूप आता नाहीसं होणार होतं. इवलीसाठी ते आणखी एक दिवस मागून घेता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे तात्यांचा चेहरा आला.

"मग असं कर," ती म्हणाली. "ज्या ज्या घरी कुणाला गोड चालत नाही, त्या सगळ्यांच्या दारात हे झुडूप उगवू दे. एक दिवस तर एक दिवस."

परी उठून उभी राहिली. तिचे पंख अभ्रकासारखे झळकू लागले.

"आपल्या माणसासाठी मागितलेलं मी परत नेते," ती म्हणाली, "पण ज्यांची नावंही माहीत नाहीत त्यांच्यासाठी मागितलेलं मला परत नेता येत नाही. आजवर तसं कुणी मागितलंच नव्हतं, म्हणून हा नियम सांगायची वेळ आली नाही. तुझ्या दारात उगवेल तेही राहील, कुंदा. कायमचं."

एवढं बोलून ती प्रकाश झाली. पांढरा, मग सोनेरी, मग कोवळा हिरवा प्रकाश मांडवावरून उसळला, कौलांवरून, कुंपणांवरून, टेकडीपलीकडच्या गावांवरून झिरमिर झिरमिर पडत गेला. जिथे तो पडला तिथली माती हलली आणि बारीक पानांची झुडपं वर आली.

सकाळी कुंदा दार उघडते तो काय, अंगणात माणसं उभी. कुणाच्या हातात दुधी, कुणाच्या हातात अंडी, आणि सगळ्यांत पुढे एक आजोबा नातवाचा हात धरून.

"बाळ, याला चालेल असा पाव तू करतेस, गणुतात्या सांगत होते," ते म्हणाले. "आम्हाला शिकवशील का?"

कुंदाने बाह्या सरसावल्या आणि इवलीला चूल पेटवायला काटक्या आणायला सांगितलं.

"आधी दुधी किसा," ती म्हणाली, "आणि पाणी अगदी घट्ट पिळून काढा."