गोड बर्फ, खारट बर्फ

उत्तरेकडे समुद्रच गोठून जमीन होते, त्या मुलखात एक पांढरी अस्वलीण आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. बाळांनो, तिथे बर्फ दोन प्रकारचा असतो. एकाच हिवाळ्यात धरलेला बर्फ पातळ आणि खारट. कित्येक उन्हाळे पचवून टिकलेला बर्फ मात्र जाडजूड. त्यातले मीठ झिरपून गेलेले असते, म्हणून तो चवीला गोड. मुक्कामाआधी वरचे भुसभुशीत हिम पंजाने खरवडायचे, खालचा बर्फ चाटायचा आणि गोड लागला तरच पिल्लाला झोपवायचे, ही रीत अस्वलीण आपल्या आईकडून शिकली होती.

तिच्या मागे एक कोल्हा फिरे. शिकार तिने करायची आणि उरलेल्यावर याने ताव मारायचा, असा त्याचा संसार. त्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला तरी जुना बर्फ काही जवळ येईना. पिल्लू चालून चालून रडकुंडीला आले. कोल्हा म्हणाला, "अस्वलताई, किती तंगडतोड करायची? सगळीकडे पांढरंच तर आहे. इथे काय कमी झालंय?" अस्वलिणीने वाकून चाटले. गोड लागले. नुकतेच पडलेले हिम गोडच लागणार! पण पिल्लू तिच्या पायाशी केव्हाच पेंगले होते. तिने खरवडून पाहिले नाही.

मग एका सकाळी तो बर्फ ओल्या पापडासारखा वाकला आणि फाटला. अस्वलीण हादरली. काल जिथे पांढरे मैदान होते, तिथे नजर जाईल तिथवर काळे पाणी होते. पिल्लू आणि कोल्हा, दोघांना पाठीवर घेऊन ती जुन्या बर्फाच्या दिशेने पोहत सुटली.

जुना बर्फ सापडला, पण तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. जिच्यावर तिची आई जन्मभर वावरली, ती अफाट लादी तुमच्या वर्गातल्या टेबलाएवढी उरली होती. पांढरा बर्फ उन्हाला माघारी पाठवतो, काळे पाणी ते पिऊन घेते. भोवतीचा पातळ बर्फ गेला, पाणी तापले आणि त्याने जुन्यालाही खालून कुरतडले.

तिने पिल्लाला वर चढवले. कोल्हा कसाबसा कोपऱ्यावर टेकला आणि पुटपुटला, "येत्या हिवाळ्यात पुन्हा गोठेल की."

"गोठेल," पाण्यातूनच अस्वलीण म्हणाली, "पण खारट."

पिल्लाने खाली वाकून विचारले, "आई, तू कुठे बसणार?"

अस्वलिणीने लादीची कड पंजांनी घट्ट धरली.

तात्पर्य : जे मुरायला अनेक वर्षे लागतात, ते गेल्यावर एका हिवाळ्यात परत येत नाही, म्हणून वरचा पांढरा रंग पाहून निर्धास्त होऊ नये, खाली काय उरले आहे ते वेळेवर खरवडून पाहावे.