पाराचे दगड

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक मोठा उंबर होता आणि उंबराभोवती दगडी पार. या पारावर बसलेल्या माणसानं खोटं बोलायचं नाही, असा गावाचा रिवाज होता. तो सगळे अगदी काटेकोर पाळत.

पण पारावरून खाली उतरलं की मोकळीक! गवळी दुधात खुशाल पाणी घाली. वैद्यबुवा न कळलेल्या दुखण्यालाही ‘दोन दिवसांत पळायला लागाल’ म्हणून पुडी देत. म्हादू कुंभार कच्चं मडकं ‘ठणठणीत आहे’ म्हणून गळ्यात मारी. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. पारावर खरं बोलतो ना, मग झालं तर! वर पुन्हा आपलं गाव सत्याचं म्हणून मिशांना पीळ द्यायला मोकळे.

या म्हादूचं लग्न झालं. बायको येसू दूरच्या गावची, तिला हा रिवाज ठाऊक नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं वांग्याची भाजी केली. म्हादू बोटं चाटत म्हणाला, “वा! काय चव आहे!” येसू हरखून गेली.

संध्याकाळी ती पाण्याला निघाली, तर पारावर म्हादू मित्रांना सांगत होता, “काय सांगू लेको, भाजीत नुसतं मीठच मीठ!”

म्हादू घरी आला तेव्हा येसू बोचकं बांधत होती.

“अगं, एवढ्याशा मिठावरून माहेरी निघालीस?”

“मिठाचं काही नाही हो! खारट झालं तर खारट म्हणा, मी पाणी घालीन. पण उद्या तुम्ही म्हणालात, ‘येसू, तू मला आवडतेस,’ तर त्यावर मी विश्वास कसा ठेवू?”

म्हादूनं तिचं बोचकं धरून ठेवलं. कारण ती त्याला खरंच फार आवडली होती. आणि हे सांगायचं कसं? घरात खरं बोलायची जिभेला सवयच नव्हती!

तो पहार घेऊन धावत सुटला. पाराचा एक दगड उपसला, डोक्यावर घेतला आणि धापा टाकत स्वयंपाकघरात आणून ठेवला. मग त्यावर बसून म्हणाला, “या पाराच्या दगडावर बसून आमच्या गावात कुणी खोटं बोलत नाही. भाजी खारट होती. आणि तू गेलीस तर मला या घरात करमायचं नाही.”

येसूला हसूही आलं आणि रडूही. “राहते मी,” ती म्हणाली. “पण या दगडावरून उठून एकदा जरी खोटं बोललात, तर तडक माहेर गाठीन.”

त्या दिवसापासून म्हादू बदलला. तो गिऱ्हाइकाला सांगू लागला, “हे नको घेऊ, कच्चं आहे. ते घे.” गिऱ्हाइकांची ही झुंबड उडाली! ते पाहून गवळ्यानंही गुपचूप एक दगड नेला आणि त्यावर बसून दूध घालू लागला. आता पाणी घातलं तर तसं सांगावं लागणार, म्हणून त्यानं पाणीच सोडलं. वैद्यबुवांनी एक दगड बसायला नेला आणि एका आईला प्रथमच सांगितलं, “बाई, हे दुखणं मला कळत नाही. पलीकडच्या गावच्या वैद्यांकडे ने.” तिचं लेकरू वाचलं. मग काय, जो तो दगड नेऊ लागला.

एके दिवशी पाटील न्यायनिवाडा करायला आले आणि बघतात तर पारच नाही! नुसती माती आणि उंबराच्या मुळ्या.

पाटील कडाडले, “पहिला दगड कोणी नेला? त्याला गावाबाहेर काढतो!”

सगळे खाली बघू लागले. पार तर राहिला नव्हता, म्हादूच्या पायाखाली साधी जमीन होती. रिवाजानं खोटं बोलायची मुभा होती. पण त्यानं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. येसू त्याच्याकडेच बघत होती.

“पाटील, पहिला दगड मी नेला,” म्हादू म्हणाला.

“अरे, तू पारावर नाहीस! मग कशाला कबूल केलंस?”

“घरी खरं बोलून बोलून सवय लागली, पाटील. आता दुसरं तोंडातून निघत नाही.”

येसू तरातरा पुढे आली आणि नवऱ्याशेजारी उभी राहिली. “यांना गावाबाहेर काढायचं असेल, तर मलाही काढा. मी यांच्याबरोबर जाणार!”

तेवढ्यात गवळी म्हणाला, “दुसरा मी नेला.” “माझ्याकडेही आहे,” वैद्यबुवा म्हणाले. मग एकेक हात वर होऊ लागला. शेवटी पाटलीणबाई खाकरल्या. “अहो, आपल्या माजघरात तो दगड कुणी आणून ठेवलाय?”

पाटील कानापर्यंत लाल झाले. “मीच आणला,” ते हळूच म्हणाले. सगळं गाव पोट धरधरून हसलं आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते पाटील!

कुणालाही गावाबाहेर काढलं नाही. त्या दिवशीचा निवाडा साध्या जमिनीवर बसूनच झाला. दोन्ही बाजू सरळ बोलल्या, त्यामुळे जेवणाच्या वेळेआधी भांडण मिटलं. पार काही पुन्हा बांधला नाही. बांधायची गरजच कुणाला वाटली नाही.

तात्पर्य काय, तर बाळांनो आणि थोरांनो, चांगुलपणा एका जागेपुरता जपू नये. तो घरात, धंद्यात, न्यायात, सगळीकडे वापरावा, तरच माणसं एकमेकांच्या भरवशावर सुखानं जगतात.