जागची न हलणारी सावली

एका गावात, जिथे वैशाखात कावळेसुद्धा एकमेकांना “आधी तू उड” म्हणत बसायचे, तिथे एक गृहस्थ राहत होता. दुपारी गावात ऊन उभं राही आणि हा आडवा होई. म्हणून गावाने त्याचं नाव आडवेराव ठेवलं होतं. हसू नका, तुमच्याही घरात एक आडवेराव असणार. नसला तर आरशात बघा.

आडवेरावाच्या घरामागे परस होतं. परसात करंजाचं डेरेदार झाड, झाडाखाली सुंभाची बाज, आणि बायकोने पाळलेल्या कोंबड्या. सकाळची भाकरी पोटात गेली की तो बाजेवर अंग टाकी आणि घोरायला लागे. कोंबडा आरवायचं विसरून त्याच्याकडे आदराने बघत राही.

झोपेत त्याला रोज एकच स्वप्न पडे. गार, हिरवी नदी. नदीत एक होडी, होडीत तो आडवा. होडी हळूहळू सरके, वारा अंगावरून हात फिरवी. होडी हाकणारा मागे कुठेतरी असायचा. तो कधी दिसायचा नाही. फक्त किणकिण, किणकिण असा काकणांचा बारीक आवाज यायचा. नावाड्याच्या हातात काकणं कशी, हा प्रश्न आडवेरावाला पडला नाही. प्रश्न पडायला माणूस जागा लागतो.

तो जागा व्हायचा तेव्हा उन्हं कललेली असायची, आणि अंगावर सावली जशीच्या तशी. निजताना बाज झाडाच्या एका अंगाला असे, उठताना दुसऱ्या अंगाला. पण डोळे उघडताच हा ताकाचा तांब्या कुठे आहे ते बघायचा, झाड कुठे आहे ते नव्हे.

“आपल्या करंजाची सावली म्हणजे देवाघरची,” तो पारावर सांगे. “जागची हलत नाही!”

बायको हे ऐके आणि तोंडाला पदर लावी.

एकदा तिने त्याला खरं काय ते सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, “काहीतरीच तुझं! मी झोपलेला असतो ना तिथे, मला नसतं का कळलं?” यावर देवाचंही काही चालत नाही, तर तिचं काय चालणार?

त्या साली बायकोची लाडकी कोंबडी अंड्यांवर बसली होती. अंगावर कवड्यांसारखे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. आधीची पिल्लं मुंगसाने नेली होती, म्हणून कवडीचा या अंड्यांवर फार जीव आणि बायकोचा कवडीवर. पाटीत भुसा घालून त्यात अंडी ठेवली होती, वर कवडी, आणि घारीच्या भीतीने तिच्यावर डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली पालथी घातलेली. डालग्यावर गोणपाट, गोणपाटावर दगड.

एक दिवस बायकोला पलीकडच्या गावी भाचीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. डोक्यावर पदर घेऊन ती दारात थांबली.

“अहो, कवडीकडे लक्ष ठेवा. बाकीच्या कोंबड्या आपल्या पायांनी सावलीला जातील. हिला अंडी सोडवत नाहीत. डालगं सावली बघून सरकवत राहा. करवंटीत गार पाणी घाला, वरचं गोणपाट ओलं ठेवा.”

“बघ, भिंतीला कशी सावली आहे! तिथे ठेवतो. झालं काम.”

“आत्ता आहे हो. मग?”

“मग काय? सावली उठून बाजाराला जाते का?” आडवेराव म्हणाला. “इतकी वर्षं मी सावलीत झोपतोय. सावलीतलं मला शिकवू नकोस.”

“बरं बाई, तुम्ही सावलीतले शास्त्री. पण सरकवा,” असं म्हणून ती गेली.

त्याने पाटी, कवडी, डालगं, दगड असा सगळा संसार भिंतीशी नेला. घराची सावली लांबलचक पडली होती, गार, शेणाने सारवल्यासारखी. त्याने करवंटीत पाणी घातलं, गोणपाट भिजवलं आणि स्वतःचंच कौतुक करत बाजेवर आडवा झाला. सावलीने त्याला पोटाशी घेतलं.

नदी आली. होडी आली. तो वाट बघत राहिला, पण होडी काही सरकेना.

किणकिण नव्हती. मागे कुणी नव्हतंच. नदी हळूहळू खाली गेली, जशी बशीतली कढी आजोबांच्या मिशीखाली जाते. वाळू उघडी पडली. वाळू तापली. होडीचा तवा झाला. आडवेराव उठायला गेला तर हात उचलेनात. बघतो तर हातांना पिसं. अंगभर पिसांची गोधडी, आणि वर आभाळ बांबूच्या चौकटीतून तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. पोटाखाली काहीतरी गोल, उबदार होतं. आतून कुणीतरी हळूच टकटक करत होतं.

“आई,” ते म्हणालं, “जाऊ नकोस हं.”

“जात नाही रे,” आडवेराव म्हणाला. त्याची चोच उघडी पडली होती, जीभ सुकली होती. चार पावलांवर निळीशार सावली त्याला दिसत होती, पण जाणार कसा? “अहो कुणीतरी! मला जरासं सरकवा हो! जरासंच!”

तोंडातून फक्त “कॉक” निघालं. त्या आवाजाने तो जागा झाला.

उन्हाने त्याचं टक्कल शेकून निघालं होतं. करंजाची सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पडली होती, आणि बाज राहिली होती अलीकडे, जिथे सकाळी होती तिथेच.

“हलली!” तो ओरडला. “सावली हलली!”

आणि मग त्याची नजर भिंतीकडे गेली. भिंतीशी सावलीचा दोरासुद्धा उरला नव्हता. गोणपाट वाळून पापड झालं होतं.

आडवेराव धावला. तो धावतोय हे बघून कोंबडा दचकून कुंपणावर चढला. आडवेरावाने दगड ढकलला, डालगं उचललं. कवडीची चोच आ वासलेली, पंख अंगापासून सुटे धरलेले, डोळ्यांवर पांढरा पडदा, मान लोलकासारखी झुलतेय. करवंटीतलं पाणी तर केव्हाच कढत झालं होतं. तरी ती अंड्यांवरून उठली नव्हती.

त्याने घागर उचलली, तिच्यावर ओतणार, तेवढ्यात पोटाखालची ती टकटक त्याला आठवली. अंडी भिजतील. त्याने घागर खाली ठेवली. पाटी दोन्ही हातांनी उचलून करंजाच्या सावलीत नेली, भोवतीची जमीन शिंपली, गोणपाट ओलं करून डालग्याच्या उन्हाकडल्या अंगाला सोडलं, आणि वाऱ्याकडली बाजू उघडी ठेवली. बोट गार पाण्यात बुडवून एकेक थेंब तिच्या चोचीच्या कडेला लावत राहिला.

“पी गं बाई,” तो म्हणाला. “तुझं काही झालं तर मला घरात जागा नाही. पी.”

कवडीने ऐकलं नाही. मान झुलतच राहिली.

तो जरा टेकला, तर ऊन डालग्याच्या कडेला येऊन चिकटलेलं. सरकवलं. पुन्हा टेकला, पुन्हा ऊन. सावली मांजरासारखी चालत होती. बघावं तर बसलेली, नजर काढावी तर पुढे गेलेली. आडवेराव डालगं घेऊन तिच्यामागून चालला.

जन्मात पहिल्यांदा त्याने उघड्या डोळ्यांनी दुपार पाहिली. कुंपणाशी बाकीच्या कोंबड्या माती उकरून त्या गार खळग्यांत पंख पसरून पडल्या होत्या. एक मुंगी साखरेचा कण घेऊन कुठेतरी निघाली होती. करंजाची पानं आवाज न करता एकमेकांना काहीतरी सांगत होती. सगळं जग हळूच, कुणाला कळू न देता सरकत होतं.

तेव्हाच त्याला जमिनीवरच्या त्या रेघा दिसल्या. करंजाभोवती, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे, कमानीसारख्या वळत गेलेल्या खोल रेघा. तो आजवर त्यांना मुंग्यांची वाट समजत होता. त्याने बाजेकडे पाहिलं. बाजेच्या पायांकडे पाहिलं. आणि कुठूनतरी त्याच्या कानात वाजलं, किणकिण, किणकिण.

आडवेरावाने एका रेघेत बोट घातलं, तर ते पेरापर्यंत आत गेलं.

उन्हं उतरली. सावली लांब होऊन घरापर्यंत पोचली. त्याने पुन्हा बोट ओलं करून पुढे केलं. कवडीने मान सावरली, पडदा मिटला, उघडला, आणि मग त्या बोटाला अशी टोच मारली की तो कळवळून नाचला.

“मार!” तो आनंदाने म्हणाला. “अजून मार!”

दिवेलागणीला बायको परतली. बघते तर बाज झाडाच्या भलत्याच बाजूला रिकामी, नवऱ्याचं टक्कल भोपळ्याच्या भज्यासारखं, आणि नवरा कवडीजवळ मांडी घालून ताठ बसलेला.

“हे काय! बसलेले?” ती म्हणाली. “बरं वाटत नाही का?”

“तू रोज बाज ओढतेस,” तो म्हणाला.

“इश्श, झोपलेला माणूस ओढायला सोपा. जागा असला की ओढवत नाही.”

“दमत नाहीस?”

तिने डालगं उचलून कवडीच्या पाठीवर हात फिरवला. काही प्रश्न इतक्या उशिरा येतात की त्यांचं उत्तर आधीच जमिनीवर उमटलेलं असतं.

कवडीची पिल्लं निघाली. एक अंडं तेवढं निघालं नाही. ते बायकोने करंजाच्या मुळाशी पुरलं, आणि आडवेराव त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्यावर त्याने बायकोला बाजेपाशी आणलं. “आडवी हो.”

“मी? दुपारची? गाव काय म्हणेल?”

“गाव झोपलेलं असतं. मला विचार.”

ती आडवी झाली. आडवेराव कधी कवडी आणि पिल्लांचं डालगं सरकवी, कधी बाज. डालगं जमलं. बाज काही जमेना. एकदा झाडावर आपटली, एकदा त्याच्याच पायावर आली, आणि कोंबड्यांनी एवढा कलकलाट केला की मेलेलं माणूस उठलं असतं. बायकोने डोळे घट्ट मिटून धरले. मिटलेल्या डोळ्यांआड एक गार, हिरवी नदी होती आणि एक वेडीवाकडी होडी, जिचा नावाडी दर वळणावर “आई गं” म्हणत होता.

उन्हं कलल्यावर तिने डोळे उघडले. ती झाडाच्या दुसऱ्या अंगाला होती. शेजारी घामाने निथळलेला नवरा, हातात ताकाचा तांब्या.

तिने अंगावरच्या सावलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पदर तोंडाला लावला.

“अहो, तुमचंच खरं निघालं,” ती म्हणाली. “सावली जागची हलत नाही!”

तात्पर्य: ज्याच्या डोक्यावरची सावली कधी हलत नाही, त्याने एकदा तरी जागं राहून आपली बाज कोण ओढतं ते पाहावं, आणि मग उठून तिचीही ओढावी.